लांब पाळीचा फ्रीसिव्ह सर्व्हर: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

ठरलं. आठ भिडू, एक पट, आणि डाव असा हवा की त्यासाठी कुणाला नोकरी, ड्यूटी किंवा झोप मोडावी लागू नये.

वसतिगृहात असताना आम्ही लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर, रात्र रात्र फ्रीसिव्ह हा राज्य उभारण्याचा पाळीपाळीचा खेळ खेळलो आहोत. आता एक मैत्रीण न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे, एक मित्र मस्कतला, एक चिपळूणजवळ शाळेत शिकवतो. सोलापूरच्या डॉक्टरला रात्रपाळ्या असतात. नागपूरला दादा आणि वहिनी दोघंही खेळणार, एक जण बंगळूरला, आणि मी पुण्यात. सगळे एकाच वेळी मोकळे असतील असा तास शोधायला बसलो, तर अख्ख्या आठवड्यात तो सापडत नाही. एडिसन सध्या आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे आणि मस्कत दीड तास. आपली संध्याकाळ ही तिची ऐन कामाची वेळ.

म्हणून पहिलं गणित वेळेचंच मांडलं. प्रत्येकाला खेळायला २३ तास द्यायचे आणि पाळी एकामागून एक फिरवायची, तर आठ जणांची एक फेरी १८४ तासांची होते, म्हणजे साडेसात दिवसांहून जास्त. अशा १०० फेऱ्यांना दोन वर्षं उलटून जातील. तेच २३ तास सगळ्यांना एकदम दिले तर १०० पाळ्या ९६ दिवसांत संपतात. ऑनलाइन खेळाचा विषय निघाला की लोक आधी इंटरनेटचा वेग विचारतात. पाळीपाळीच्या खेळात वेग जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. कोण कुणासाठी किती वेळ थांबणार, हा इथला खरा प्रश्न, आणि बाकीचे सगळे निर्णय त्याच्या मागून येतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

उपलब्ध पर्याय गटात मांडले. इथेही लिहून ठेवतो, कारण पुढच्या डावाच्या वेळी हीच चर्चा पुन्हा होणार आहे.

पोस्टाने बुद्धिबळ खेळणारे लोक पत्रावर एक चाल लिहून पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायचे. दोघांच्या खेळात हे चालतं. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर आजही तशीच सोय आहे, एका चालीला १ ते १४ दिवस. भिडू वाढले की मात्र अडतं, आणि त्यावरचा तोडगा इंटरनेटच्या कितीतरी आधी निघाला होता. ॲलन कॅलहॅमरचा ‘डिप्लोमसी’ हा पटाचा खेळ १९५९ मध्ये आला. त्यात सात सत्ता असतात. पण सगळे आपापले हुकूम लिहून देतात आणि ते एकाच वेळी उघडले जातात. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी हा खेळ पोस्टाने सुरू केला. सात जण असूनही टपालाचा वेळ सातपट झाला नाही, कारण सगळ्यांची पत्रं एकाच मुदतीत यायची. आम्हाला हवं आहे ते हेच.

आता संगणकावरचे पर्याय.

बॅटल फॉर वेस्नॉथ. २००३ पासूनचा, मुक्त स्रोताचा, षटकोनी घरांचा खेळ. मला मनापासून आवडतो. पण त्यात पाळी एकेकाची असते. दोघांनी एका संध्याकाळी बसून खेळायला याच्या तोडीचं फार थोडं आहे. आठ जणांना तीन महिने पुरेल असा डाव हा त्याचा पिंड नव्हे. शिवाय त्यात खेळाची पूर्ण स्थिती प्रत्येकाच्या यंत्रावर असते आणि धुकं, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या भागावरचा पडदा, फक्त दाखवण्यापुरतं असतं. कुणी आपल्या प्रतीत फेरफार केला तर त्याला धुक्यापलीकडचं दिसू शकतं. आमच्यात असं कुणी करणार नाही, तरी रचना म्हणून हे ध्यानात ठेवायला हवं.

सिव्हिलायझेशन ४. हा २००५ चा. एकाच खेळात तीन वेगवेगळे मार्ग दिले होते: एकाच संगणकावर आळीपाळीने, ईमेलने सेव्ह फाइल पाठवून, आणि ‘पिटबॉस’. पिटबॉस म्हणजे कायम चालू असलेला सर्व्हर. भिडू सवडीने येतात, चाली करून जातात, आणि ठरल्या वेळी पाळी उलटते. ही कल्पना मला आजही सर्वांत समंजस वाटते. ईमेलच्या मार्गात दोन अडचणी. पाळी पुन्हा एकेकाचीच होते, आणि संपूर्ण पट असलेली फाइल समोरच्याच्या हातात जाते.

सिव्हिलायझेशन ६ मधलं ‘प्ले बाय क्लाउड’. ईमेलचीच सुधारलेली आवृत्ती. फाइल कंपनीच्या सर्व्हरवर राहते, पाळी आली की सूचना मिळते, आणि वेबहुक, म्हणजे निरोप आपोआप पुढे धाडणारी सोय, लावून ती सूचना गटातही आणता येते. सोय चांगली आहे, पण पाळी पुन्हा एकामागून एक. शिवाय आठही जणांनी खेळ विकत घ्यायचा.

फोनवरचे खेळ. वहिनींनी पॉलिटोपियाचं नाव सुचवलं. स्वीडनमधल्या मिडजिवान कंपनीचा हा खेळ सुटसुटीत आहे, आठवडाभराच्या गमतीला छान. आम्हाला मात्र राज्य चालवायचं आहे.

आणखी एक गोष्ट मी गटात आवर्जून सांगितली. दुसऱ्याच्या सेवेवर उभा असलेला खेळ त्या सेवेबरोबर बसतो. ऑनलाइन भिडूंना जोडून देणारं गेमस्पाय ३१ मे २०१४ ला बंद झालं, तेव्हा कितीतरी जुन्या खेळांना ऑनलाइन खेळायची वाट उरली नाही. गूगलने प्ले गेम्समधली पाळीपाळीच्या खेळांसाठीची सोय ३१ मार्च २०२० ला बंद केली. ॲपलच्या गेम सेंटरमध्ये ती आहे, पण तिथे एका डावाची सगळी माहिती ६४ किलोबाइटमध्ये बसवावी लागते. तीन महिन्यांच्या डावात आठ जणांचा जीव गुंतणार असेल, तर सर्व्हर आपल्या ताब्यात असलेला बरा.

निर्णय: फ्रीसिव्ह. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या अखेरीस सुरू केलेला हा प्रकल्प पहिल्यापासून नेटवर्कवर खेळण्यासाठीच बांधलेला आहे. डाव चालवणारा सर्व्हर वेगळा आणि भिडूच्या यंत्रावरचा क्लायंट वेगळा. सगळे भिडू एकाच पाळीत एकदम चाली करतात. सर्व्हर प्रत्येकाला फक्त त्याच्या राज्याला दिसणारी माहिती पाठवतो, त्यामुळे क्लायंटमध्ये कितीही फेरफार केला तरी धुक्यापलीकडचं हाती लागत नाही. दिवसाला एक पाळी या पद्धतीने खेळणारे लोकही जगभर आहेत. त्याला ते ‘लाँगटर्न’ म्हणतात.

९ ऑगस्ट, शनिवार

सर्व्हर कुठे ठेवायचा? घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवू, असं दादांचं म्हणणं होतं. काल रात्री तपासलं. माझ्या घरच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नाही. सेवा देणारी कंपनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता वापरते. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही, कारण बाहेरून येणारी जोडणी राउटरपर्यंत पोचतच नाही. आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता मिळतो, पण मस्कत आणि बंगळूरच्या जोडण्यांवर आयपीव्ही६ नाही. मधे खाजगी जाळं टाकून मार्ग काढता येतो, पण मग आठही जणांच्या यंत्रांवर ते बसवा आणि तीन महिने सांभाळा. चिपळूणच्या मास्तरांना फोनवरून हे समजावत बसायची माझी तयारी नाही आणि त्यांचीही नाही.

म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटं यंत्र भाड्याने घेतलं. १ जीबी मेमरी. फ्रीसिव्हचा सर्व्हर सी भाषेतला हलका कार्यक्रम आहे, आमच्या आठ जणांच्या डावाला एवढं पुरतं. एडिसनहून मुंबईपर्यंत जाऊन परत यायला निरोपाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. नेमबाजीच्या खेळात एवढ्या विलंबाने माणूस वैतागला असता. इथे तो कुणाला जाणवणारही नाही. भाडं आठ जणांत वाटून घेतोय.

ब्राउझरमध्ये चालणारं फ्रीसिव्ह-वेबही पाहिलं. फोनवरून खेळता येईल हा त्याचा मोठा फायदा. पण त्यासाठी वेब सर्व्हर, टॉमकॅट, डेटाबेस आणि मधला प्रॉक्सी असा संसार मांडावा लागतो. ते सगळं तीन महिने जागतं ठेवणं एकट्याच्या सवडीचं काम नाही. सगळ्यांकडे लॅपटॉप आहेत. साधा क्लायंट घेतला.

१० ऑगस्ट, रविवार

सर्व्हर उभा राहिला. पोर्ट ५५५६ उघडलं, बाकी सगळं बंद. सार्वजनिक यादीत आपला डाव दिसू नये म्हणून तो तिथे कळवण्याचा ‘मेटा’ पर्याय लावला नाही. कार्यक्रम टीमक्समध्ये चालतो, त्यामुळे मी बाहेर पडलो तरी त्याची आज्ञापट्टी जिवंत राहते.

आवृत्ती सगळ्यांनी एकाच मालिकेतली घ्यायची आहे. ३.० चा क्लायंट ३.१ च्या सर्व्हरला जोडला जात नाही. दादांकडे जुना होता, आज बदलला.

ओळख तपासण्याची सोय आपोआप चालू नसते. ती लावली नाही तर कुणीही दुसऱ्याचं नाव टाकून त्याच्या गादीवर बसू शकतो. एसक्यूलाइटचा छोटा डेटाबेस जोडला, नव्या नावांना परवानगी देऊन आठही जणांची नोंदणी करून घेतली, आणि मग ती परवानगी काढून सर्व्हर पुन्हा सुरू केला. जोडणी गुप्तलिपीत नसते. म्हणून सगळ्यांना बजावलं आहे की इथे फक्त इथल्यापुरता पासवर्ड ठेवा, बँकेचा किंवा ईमेलचा नको.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टीचा फायदा घेऊन चाचणी डाव खेळलो. पाळी तीन मिनिटांची. मास्तर सोडून सगळे होते. चिपळूणला दुपारपासून पाऊस आणि वीज नाही.

चाचणीत जे व्हायला हवं होतं ते झालं. एडिसनच्या मैत्रिणीचे घोडेस्वार पाळी संपायच्या शेवटच्या काही सेकंदांत माझ्या शहराजवळ आले आणि नवी पाळी सुरू होताच आत शिरले. मधे मला एकही चाल करता आली नाही. नियमाने तिचं बरोबरच होतं. सगळे एकदम खेळतात त्या पद्धतीचा हा जुना दुखरा भाग आहे: पाळी उलटताना जो समोर हजर असतो त्याला लागोपाठ दोन पाळ्या मिळतात. तीन मिनिटांच्या पाळीत निदान सगळेच हजर असतात. २३ तासांच्या पाळीत पहाटे चारला उलटणाऱ्या पाळीशी गजर लावून कोण उठतो, यावर शहरं पडू लागतील. तसला डाव मला नको आहे. डॉक्टर वॉर्डात असताना त्याचं राज्य जाणं यात कसलं कौशल्य?

१७ ऑगस्ट, रविवार

आज दोन तास फोनवर सगळ्या मांडण्या ठरवल्या. सर्वांत जास्त वेळ दुहेरी चालीच्या मुद्द्यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

फ्रीसिव्हमध्ये यावर ‘युनिटवेटटाइम’ नावाची मांडणी आहे. एखादं पथक हललं की पुढच्या पाळीत हलण्याआधी त्याला तेवढे सेकंद थांबावं लागतं. आम्ही ३६,००० ठेवले, म्हणजे १० तास. याची खुबी अशी की पाळीच्या सुरुवातीला किंवा मध्यावर हलणाऱ्याला त्याचा काहीच जाच नाही, कारण पाळी उलटेपर्यंत त्याचे १० तास होऊन जातात. शेवटच्या तासात हल्ल्याच्या तयारीने पुढे सरकलेलं पथक मात्र नव्या पाळीत ९ तास जागचं हलत नाही. तेवढ्यात समोरचा उठतो, चहा घेतो, पट बघतो आणि बचावाला माणसं आणतो.

मस्कतकरांनी २० तास सुचवले होते. ते जास्त होतात. ज्याला कामामुळे पाळीच्या अखेरीसच वेळ मिळतो त्याची पथकं पुढच्या पाळीतही अखेरपर्यंत बांधलेली राहतील, आणि हा चक्रव्यूह त्याला कधीच भेदता येणार नाही. १० तास हा आमच्या गटाला मानवणारा आकडा आहे.

पाळी २४ तासांची न ठेवता २३ ची. टाइमआउट, म्हणजे पाळीची मुदत, ८२,८०० सेकंद. २४ ठेवली तर पाळी उलटण्याची वेळ कायम एकच राहते, आणि ती ज्याच्या मध्यरात्री येईल त्याच्या कायमच मध्यरात्री येईल. २३ मध्ये ती रोज एक तास अलीकडे सरकते आणि २३ दिवसांनी पुन्हा मूळ वेळेवर येते. सोय आणि गैरसोय दोन्ही आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला. वहिनींचा याला विरोध होता: रोज ठरावीक वेळी खेळायची सवय लागू दे, सरकती वेळ लक्षात ठेवायची कुणी? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यावर उपाय म्हणून मी सूचना पाठवणारी सोय करून द्यायची, असं ठरलं.

‘फिक्स्डलेंग्थ’ चालू. सगळ्यांनी ‘पाळी झाली’ दाबलं तरी वेळ संपल्याशिवाय पाळी उलटणार नाही. यामुळे डाव लवकर पुढे सरकायची शक्यता जाते, पण वेळापत्रक पक्कं राहतं. शत्रू दिसताच मुदत वाढवणारीही एक मांडणी आहे. ती वेळापत्रक विस्कटते म्हणून नको.

बाकी झटपट झालं. नियमसंच सिव्ह२सिव्ह३. नकाशा ‘फेअर’ पद्धतीचा, म्हणजे प्रत्येकाला सारख्या तोलाचं बेट. सुरुवातीला एका शहरावर दिवसाकाठी एखादीच चाल असते आणि माणूस कंटाळतो, म्हणून वसाहतकऱ्यांची पथकं वाढवून दिली. डाव १००व्या पाळीला संपणार, म्हणून शोधांचा खर्च ‘सायन्सबॉक्स’ने ६० टक्क्यांवर आणला.

मास्तरांनी एकच अट घातली: गणपतीत सुरू करायचं नाही. २७ तारखेला चतुर्थी, मग कोकणात कोण पट उघडणार? अनंत चतुर्दशी झाली की ७ सप्टेंबरच्या रविवारी, रात्री नऊला पहिली पाळी.

७ सप्टेंबर, रविवार

सुरू झालं. आठही जण जोडले गेले.

आपोआप सेव्ह होण्याची मांडणी आज पुन्हा एकदा नीट तपासली. नेहमीच्या पद्धतीत पाळी उलटताना फाइल बनते. लांब पाळीत यंत्र मधेच बंद पडलं तर आठ जणांच्या दिवसभराच्या चाली वाया जातील. ‘टायमर’ हा पर्यायही चालू केला आणि दर १५ मिनिटांनी सेव्ह ठेवलं. रोज एक प्रत माझ्या घरच्या डिस्कवर उतरते.

१० सप्टेंबर, बुधवार

सूचनेची सोय झाली. नियमसंचात ल्युआ भाषेत लिहिता येतं, पण तिथून बाहेरचा कार्यक्रम चालवता येत नाही. ते सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. म्हणून दुसरी वाट धरली. सेव्ह फाइलच्या नावातच पाळीचा क्रमांक असतो. फोल्डरवर लक्ष ठेवणारी छोटी स्क्रिप्ट नवा क्रमांक दिसला की टेलिग्रामवरच्या गटात निरोप टाकते: पाळी कितवी, आणि ती कधी उलटणार. वेळ तिन्ही ठिकाणची देते, भारत, मस्कत, एडिसन. पाळी संपायला तीन तास उरले की आणखी एक आठवण. वहिनींनी निरोप पाहून लगेच अंगठा दाखवला.

२१ सप्टेंबर, रविवार

दोन आठवडे झाले. डॉक्टरशी मुद्दाम बोललो, कारण त्याच्या पाळ्या सर्वांत वेड्यावाकड्या. तो म्हणाला, वॉर्डातून आल्यावर वीस मिनिटं पट उघडतो, शहरांच्या कामांच्या याद्या लावून ठेवतो, लांब पल्ल्याच्या पथकांना मुक्कामाचं ठिकाण देऊन टाकतो आणि झोपतो. एकदाही धावपळ झाली नाही. मला हेच ऐकायचं होतं.

चिपळूणला तीनदा वीज गेली. सर्व्हर मुंबईत जागा असतो, त्यामुळे कुणाचंच अडलं नाही. मास्तर वीज आल्यावर उरलेल्या चाली करून मोकळे.

बेटांवरून होड्या निघाल्या आहेत. दादांनी आणि मस्कतकरांनी एकाच दिवशी एकमेकांचा किनारा शोधला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

वहिनी आणि डॉक्टर यांच्यातली लढाई आज थांबली. सीमोल्लंघनाच्या दिवशी तह! गटात आपट्याच्या पानांची चित्रं पडली. फ्रीसिव्हमध्ये शस्त्रसंधी १६ पाळ्या टिकते. तेवढ्यात पुढचा करार झाला नाही तर पुन्हा युद्ध. आमच्या मापात त्या १६ पाळ्या म्हणजे १५ दिवस आणि ८ तास. एका बैठकीत खेळताना हे पाऊण तासात संपलं असतं आणि कुणी फारसा विचारही केला नसता. इथे दोन आठवडे दोघं एकमेकांना नकाशाचे तुकडे देतात, शोधांची देवाणघेवाण करतात, फोनवर बोलतात. लांब पाळीचं सुख मला सर्वांत जास्त इथे दिसतं: चालींना वेळ कमी लागतो आणि उरलेला सगळा वेळ राजकारणाला मिळतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

मास्तरांच्या शाळेत परीक्षा आणि पेपर तपासणी. पाच-सहा दिवस जमणार नाही. यासाठी ‘डेलिगेट’ ही आज्ञा आहे. भिडू आपलं राज्य दुसऱ्या एका भिडूच्या नावे करून जातो. तो भिडू हवं तेव्हा स्वतःची गादी सोडून त्या गादीवर बसतो आणि काम झालं की परत येतो.

अडचण नियमात नाही, माहितीत आहे. दुसऱ्याच्या गादीवर बसलं की त्याचं सगळं राज्य दिसतं. शत्रूला कारभार सोपवण्यात अर्थ नाही आणि तटस्थालाही नंतर ते विसरता येत नाही. आमचा घरचा नियम असा ठरला: कारभार फक्त मित्रराष्ट्राला द्यायचा, आणि त्या काळात नवा करार किंवा नवं युद्ध करायचं नाही. मास्तरांचं राज्य मस्कतकरांनी सांभाळायला घेतलं. नंतरची भर: त्यांनी रोज रात्री गटात जमाखर्च टाकला: अमुक शहरात धान्यकोठार बांधलं, अमुक रस्ता झाला. मास्तरांनी परत आल्यावर सगळं बघितलं आणि म्हणाले, माझ्यापेक्षा नीट ठेवलंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

बेचाळिसावी पाळी आज पहाटे चारला सुरू झाली. दिवाळीत डाव थांबवायचा हे आधीच ठरलं होतं. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. याच पाळीचा टाइमआउट वाढवला आणि ती २४ तारखेच्या रात्री नऊपर्यंत ताणली. डाव नावापुरता चालूच, पण कुणावर घाई नाही.

एक गाठ मात्र सोडवावी लागली. दसऱ्याच्या शस्त्रसंधीच्या पाळ्या नेमक्या इथेच संपत होत्या. वहिनी फराळाच्या गडबडीत आणि डॉक्टर गावी. ताणलेल्या पाळीत पथकाला हलायला मिळतं एका पाळीपुरतंच, तरी आठवडाभर उघड्या सीमेवर कुणाला चैन पडलं नसतं. दोघांनी बुधवारीच कायमच्या तहाची बोलणी पूर्ण करून टाकली. अशा मुदती सर्व्हर पाळ्यांत मोजतो, दिवसांत नाही. पुढच्या वेळी सुट्ट्यांचं वेळापत्रक लावताना हे आधी पाहायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज अमेरिकेत घड्याळं एक तास मागे गेली. एडिसन आता आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि स्क्रिप्ट वेळ त्या-त्या प्रदेशाच्या नावाने काढते, म्हणून निरोपातली एडिसनची वेळ आपोआप बरोबर आली. मैत्रिणीला विचारून खात्री केली.

बंगळूरकर डाव सोडतोय. कामाचा रेटा खरा आहे, रागावण्यासारखं काही नाही. एका आज्ञेने त्याचं राज्य संगणकाच्या हाती देता येतं, आणि बंगळूरकरांनीही तेच सुचवलं. मी विरोध केला. संगणक आपल्या सगळ्या चाली पाळी सुरू होताक्षणी करून मोकळा होतो, आणि त्याच्याशी माणसाशी होतात तशी बोलणी होत नाहीत. ज्या शेजाऱ्याशी आपण पन्नास पाळ्या बोलून बांधलेलं आहे, त्याच्या जागी अचानक असं काही येणं हा सगळ्या आसपासच्या राज्यांवर अन्याय आहे. पोस्टाने डिप्लोमसी खेळणारे अशा वेळी राखीव भिडू बोलवायचे. आम्हीही तेच केलं. दादांचा भाचा कॉलेजात आहे, दोन महिने बाजूला बसून बघत होता. दुसऱ्याची गादी घेऊ देणाऱ्या ‘अलाउटेक’ या मांडणीत परवानगी दिली आणि त्याने आज रात्री गादी घेतली. बंगळूरकरांनी त्याला तासभर फोनवर सगळ्या करारांची माहिती दिली.

९ नोव्हेंबर, रविवार

एकोणसाठावी पाळी. भाच्याने आठवड्याभरात एडिसनशी व्यापाराचा करार केला आणि माझ्याशी मोडला. पट जिवंत आहे.

युनिटवेटटाइमबद्दल सगळ्यांचं मत विचारलं. आरमार असलेल्यांना १० तास थोडे जाचतात; जहाज बंदरातून काढून किनाऱ्यावर माणसं उतरवायची तर वेळ फार जुळवावा लागतो. कमी करावे असं मात्र कुणीच म्हणालं नाही. आजवर एकही शहर कुणाच्या झोपेत पडलेलं नाही. पडली ती चार शहरं समोरासमोर, बचावाला वेळ असताना पडली.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवी मागणी भाच्याकडून आली. त्याला आणि त्याच्या मित्रांना एका बैठकीत संपणारा डावही हवा आहे, शनिवारी रात्री, दोघादोघांचा. इथे लांब पाळीचा काही उपयोग नाही. दोघंच असतील आणि दोघं हजर असतील तर एकामागून एक पाळी हीच उत्तम: समोरच्याची चाल पूर्ण पाहून उत्तर देता येतं, आणि दुहेरी चालीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून त्याच यंत्रावर वेस्नॉथचा सर्व्हर बसवला, पोर्ट १५०००. फासे सर्व्हरकडून येतात, त्यामुळे कुणाच्या नशिबावर वाद नाही. वेळेचं बंधन चार भागांत लावता येतं: सुरुवातीची शिल्लक, दर पाळीला मिळणारी भर, दर हल्ल्याला, भरतीला किंवा गाव काबीज केल्यावर मिळणारी भर, आणि साठ्याची कमाल मर्यादा. मुलांसाठी सुरुवातीला पाच मिनिटं आणि दर पाळीला दीड मिनिट ठेवलं आहे. हल्ला-भरतीची भर थोडीच.

फ्रीसिव्हच्या डावाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही कार्यक्रम वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या नावाने चालवले आहेत, आणि वेस्नॉथला मेमरीची मर्यादा घातली आहे. पहिली जोडी येत्या शनिवारी, भाचा विरुद्ध वहिनी. एडिसनच्या मैत्रिणीला प्रेक्षक म्हणून आत यायचं आहे. तिची ती शनिवार सकाळ असेल, म्हणून खेळ रात्री साडेनऊला ठेवलाय.